आत विचारून येतो

“एवढ्यात नाही हो जमणार,” गिऱ्हाईक म्हणालं. “काहीतरी कमी करा. आम्ही काय रोज हिऱ्यांचे हार घेतो?”

“घ्या की. आमची कुठे ना आहे?” चारमिनिटे म्हणाले. हा विनोद ते बावीस वर्षं करत होते. आज तो यंत्रातून तिकीट पडावं तसा आपोआप बाहेर पडला. “थांबा जरा. आत विचारून येतो.”

आणि ते मखमली पडद्यामागे गेले.

आत कोणी नव्हतं. कधीच नसायचं. एक खुर्ची, एक बेसिन, वर आरसा आणि रिकाम्या डब्यांचं खोकं. मालक वरच्या मजल्यावर बसत, आणि आठ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची मुभा त्यांनी चारमिनिटेंना केव्हाच देऊन टाकली होती. फक्त ती काउंटरवर द्यायची नाही, असा दुकानाचा शिरस्ता. सूट जागेवर मिळाली, तर गिऱ्हाइकाला किंमतच आधी फुगवून ठेवल्यासारखी वाटते. तीच सूट आतून आली, की कोणीतरी आपल्यासाठी भांडून आणल्यासारखी वाटते. भांडणाला चार मिनिटं लागतात. तिसऱ्या मिनिटाला बाहेर आलं तर भांडण खरं वाटत नाही, पाचव्याला गिऱ्हाईक पर्स उचलतं. चारमिनिटे हे त्यांचं आडनाव नव्हतंच. पण हल्ली पगाराच्या पाकिटावरही तेच छापून यायचं, आणि दुरुस्त करून घ्यायला जायचा त्यांना कंटाळा होता.

पहिल्या वर्षी ही चार मिनिटं त्यांनी खुर्चीवर बसून काढली. मग एकदा अगदीच जीव विटला, म्हणून बायकोला फोन लावला.

“काय करतेस?”

“मटार सोलतेय. का?”

“एक हार आहे. पाच टक्के सोडू की आठ?”

“मला काय विचारताय? माझ्या कानात खोटे खडे आहेत.” जरा थांबून ती म्हणाली, “बाई कुठे बघतेय?”

“म्हणजे?”

“हाराकडे बघत असेल तर पाच. नवऱ्याकडे बघत असेल तर आठ. ठेवू? कुकर झालाय.”

तेव्हापासून शहरातल्या बड्या लोकांचे सौदे दोन खोल्यांच्या एका घरात मटार सोलता सोलता ठरत आले. एकदा ती आंघोळीला गेली होती, तर एक कारखानदार सात मिनिटं घाम पुसत बसला होता.

तिला जाऊन आज सोळा दिवस झाले होते.

“काका, एवढ्यात कशाला आलात?” सकाळी कॅशवालीने विचारलं होतं.

“घरी बसून काय करू? तिथे कोणी घासाघीस करत नाही.”

हसावं की नाही हे न कळून कॅशवालीने रिकाम्या कागदाला तीन वेळा स्टेपल मारलं होतं.

आता आत आल्यावर त्यांनी सवयीने नंबर लावला. डाव्या खिशात काहीतरी थरथरलं. तिचा फोन. घरात एकटा कशाला, म्हणून सकाळी त्यांनी तो बरोबर घेतला होता. उजव्या कानाला आपला फोन लावून ते डाव्या खिशाकडे बघत राहिले. रिंग संपली. समोरून उत्तर मिळत नसल्याचं ध्वनिमुद्रित बाईने सांगितलं. तेही त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग लक्षात आलं, की बाई कुठे बघतेय हे आज बघायचंच राहिलं. गिऱ्हाइकाबरोबर बाई होती की नाही, हेसुद्धा नीट आठवेना.

ते बाहेर आले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरला होता.

“साहेब फार चिडले का हो? जाऊ दे, आहे त्या किमतीला द्या. आमच्यापायी तुम्हाला बोलणी नकोत.”

बाई होती. पिकल्या केसांची, मांडीवर पर्स धरून बसलेली. ती हाराकडे बघत नव्हती आणि नवऱ्याकडेही बघत नव्हती.

“दादा,” ती म्हणाली, “शर्टाची बटणं वरखाली लागलीयत तुमची. बरं आहे ना?”

त्यांनी खाली बघितलं. खरंच लागली होती.

अशा वेळी किती टक्के सोडायचे, हे ठरलेलं नव्हतं.

“एक मिनिट. आत विचारून येतो.”

“अहो, आता कशाला? पूर्ण पैसे देतोय ना मी!” गिऱ्हाईक जवळजवळ ओरडलंच. पण पडदा हलून थांबलाही होता.

आत त्यांनी सगळी बटणं काढून पहिल्यापासून लावली. मग नंबर लावला. डावा खिसा थरथरला. या वेळी त्यांनी तो फोन उचलला आणि दुसऱ्या कानाला धरला. आरशात दोन्ही कानांना दोन फोन लावलेला माणूस दिसत होता.

“हाराकडे नाही,” ते म्हणाले. “नवऱ्याकडेही नाही. माझ्याकडे बघतेय. किती सोडू?”

डाव्या कानात, किंचित उशिराने, कोणीतरी विचारलं, किती सोडू.

चार मिनिटं झाल्यावर ते बाहेर आले.

“आठ,” ते म्हणाले. “आतून आठ म्हणालेत.”

गिऱ्हाइकाने पडद्याकडे बघून मान लववली. बाई उठताना म्हणाली, “साहेबांना आमचे आभार सांगा हं.”

“सांगतो.”

हार डबीत गेला, डबी पिशवीत, पिशवी दाराबाहेर. चारमिनिटे कॅशवालीपाशी आले.

“चार्जर आहे का गं तुझ्याकडे? जुन्या पिनचा.”

डाव्या खिशातल्या फोनची बॅटरी नऊ टक्के उरली होती.