वळणावर थांबणारी

मास्तरांचं शिलाईचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. खाली कापडवाला, मग अरुंद लाकडी जिना, मध्ये एक वळण, आणि वर मास्तरांची खोली. बेतायचं लांब टेबल, दोन मशीन आणि खिडकीशी ताईची खुर्ची. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. काज, बटणं, तुरपाई सगळं तिच्याकडे असायचं. ती जाऊन वर्ष उलटलं, तरी त्या खुर्चीवर मास्तरांनी कुणाला टेकू दिलं नव्हतं.

दोघा भावंडांच्या हृदयातली एकाच जागची झडप जन्मापासून सदोष होती. कळलं मात्र दोघांनाही उतारवयात. मास्तर एकदा गिऱ्हाइकाचं माप घेता घेता धाडकन कोसळले. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या आणि महिन्याच्या आत नवी झडप बसलीसुद्धा.

ताई कधी कोसळली नाही. ती नुसती दमायची. जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभी राहायची आणि वर येऊन म्हणायची, "पायऱ्या कोण वाढवतंय रे रोज?" सगळे हसायचे. घरच्या डॉक्टरांनी आधी वयावर खापर फोडलं, मग वजनावर, मग रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. पाय सुजले, आडवं झालं की जीव घाबरा व्हायला लागला, तेव्हा कुठे तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. मास्तरांच्याच सर्जनने मास्तरांसारखीच झडप बसवली. मास्तर ठणठणीत राहिले. ताई मात्र पूर्वीची झालीच नाही, आणि दोन-तीन वर्षांत गेली.

त्यानंतर जिन्यावर पावलं वाजायला लागली.

भर दुपारी, कापडवाला जेवायला गेला की यायची. वळणापर्यंत चढायची आणि थांबायची. मग कुणीतरी दम खातंय असा आवाज, आणि मग काहीच नाही. पहिल्यांदा मास्तर गिऱ्हाईक समजून म्हणाले, "या, वर या." कुणी आलं नाही. पुढे त्यांनी बोलावणं सोडलं. पावलं वाजली की कात्री हातात तशीच धरून खाली मान घालून बसायचे.

"लाकूड आहे, उन्हाने करकरतं," बायको म्हणाली.

"लाकूड दम खात नाही," मास्तर म्हणाले, आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

झडपेच्या नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा मास्तरांनी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आईबाप एक, दुखणं एक, झडप एक, कापणारा हात एक. मग मी इथे कसा बसलोय?"

बाईंनी त्यांची फाइल मिटली. "एका माणसाचं नक्की कारण सांगता येत नाही, मास्तर. पण बायकांचं हे आम्ही पुन्हा पुन्हा बघतो. ऑपरेशन छान होतं, तरी पुढची वर्षं पुष्कळदा पुरुषांइतकी मिळत नाहीत. एक मोठं कारण म्हणजे त्या उशिरा येतात. म्हणजे, उशिरा आणल्या जातात. तोवर आकसलेल्या झडपेतून रक्त ढकलून ढकलून हृदय ताठ झालेलं असतं. झडप आम्ही नवी बसवतो, हृदय तेच राहतं." मग म्हणाल्या, "हा दोष घराण्यात उतरतो. ताईंच्या मुलांना तपासलंत?"

"एकच मुलगी आहे. धडधाकट आहे."

"ताईही लोकांच्या मते धडधाकटच होत्या ना?"

मास्तरांनी बाहेर येऊन भाचीला फोन लावला. ती हसली. "मला काय धाड भरलीय, मामा? पुढच्या महिन्यात बघू."

काही दिवसांनी दुपारी पावलं वाजली. वळणावर थांबली. दम खाण्याचा आवाज आला, पण आज तो संपेना. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. न राहवून ते म्हणाले, "ताई, ये ना वर."

खालून आवाज आला, "मामा, मी आहे."

मास्तर धडपडत खाली गेले. भाची कठडा धरून उभी होती, ओठ पांढरेफटक. "काही नाही हो. चालत आले ना, दमले."

"हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारायचं नाही," मास्तर म्हणाले. दुकान उघडं टाकून, तिला हाताला धरून ते तसेच दवाखान्यात गेले. वाटेत भाचीने नवऱ्याला कळवलं, तसा त्याचा फोन आला. "मामा, तिला दमायची सवयच आहे. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय, तेवढी होऊ द्या."

"परीक्षेला पोरीबरोबर मी बसतो. तुम्ही आधी इकडे या."

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप चांगलीच आकसलेली दिसली, पण हृदय अजून शाबूत होतं. ऑपरेशन झालं. भाची उठून बसायला लागली तेव्हा एका संध्याकाळी तिने विचारलं, "मामा, आईपण अशीच थांबायची ना? तुम्ही वरून ऐकत असाल."

"ऐकत होतो."

"मग?"

मास्तर तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले. मग भाची म्हणाली, "माझ्या पोरीला दाखवून घ्या."

पोरीला मास्तर स्वतः घेऊन गेले. पोटाशी बाहुली धरून ती टेबलावर गप्प पडून राहिली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर नीट पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "झडप अगदी छान आहे. घरी न्या आणि भरपूर पळू द्या."

मास्तर जागचे हलले नाहीत.

"बाई, पुन्हा एकदा बघता का?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पोरीच्या छातीवर पुन्हा जेल लावलं.