डावा पट्टा दोन बोटं आखूड

धाकटे भावोजी गोड बोलायला लागले की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. एरवी आमच्या शिवणाच्या दुकानाकडे ढुंकूनही न बघणारा हा माणूस त्या दिवशी स्टूल ओढून बसला. त्यांच्या कंपनीला खांद्यावर दोन पट्ट्यांचे डझनभर एप्रन हवे होते. वर फर्माईश अशी, की शिवून झाले की धुवून धुवून जरा विटवून द्या.

नवं कापड विटवून मागणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं. कंपन्यांनी राजकीय पक्षांना किती पैसे द्यावेत, यावर मर्यादा घालणारा कायदा येत होता. त्याच्या सुनावणीत छोटे दुकानदार उभे राहून सांगणार होते, की या कायद्याने आमचा गळा घोटला जाईल. मी म्हटलं, इथे विजेचं बिल भरताना नाकी नऊ येतात, आम्ही कुठल्या पक्षाला पैसे द्यायला निघालोय? भावोजी हसले आणि तुम्हाला त्यातलं कळायचं नाही म्हणाले.

न कळायला काय झालं? याच कंपनीला आमची गल्ली पाडून तिथे मोठं संकुल बांधायचंय. परवानगी देणारे निवडून आलेत तेही हिच्याच पैशावर. कायदा झाला तर तो नळ बंद होईल आणि आमची दुकानं वाचायची थोडी तरी आशा राहील.

तरी मी काम घेतलं. कोण कोण येतंय ते मला बघायचं होतं, आणि अंगाला टेप लावल्याशिवाय मी कापड कापत नाही. भावोजींनी कुरकुरत एकेकाला आणलं. एक म्हणे बेकरीवाला, एक म्हणे सुतार. सुतारबुवांचे हात लोण्यासारखे मऊ, बोटावर साधा ओरखडा नाही. सगळे कंपनीच्या ऑफिसातले. मनात म्हटलं, सोंग तर झकास आहे.

शेवटचा मात्र येईना. गावाला गेलाय म्हणे. भावोजींनी त्याची मापं तोंडीच सांगितली आणि उठता उठता म्हणाले, "डावा पट्टा दोन बोटं आखूड ठेवा वहिनी, नाहीतर एप्रन वाकडा बसतो म्हणे."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. डावा खांदा उतरलेला माणूस मला एकच माहीत आहे. लग्न झाल्यापासून त्यांचे सगळे सदरे मीच शिवतेय. त्यानंतर हे फोन घेऊन दुकानाबाहेर गेले, की माझं मशीन आपोआप थांबायचं.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तो एप्रन इस्त्री करून मी यांच्यापुढे धरला. म्हटलं, ट्रायल घेतल्याशिवाय आपल्या दुकानातून कपडा जात नाही. यांनी एप्रन चढवला. कुठे सुरकुती नाही की काही नाही. हाडाचे शिंपी ना, खोटं बोलायला तयार झाले, पण वाकडा एप्रन काही सोसला नाही.

"नव्या संकुलात आपल्याला गाळा देणार आहेत," हे खाली बघत म्हणाले.

"आणि बाकीची गल्ली?"

हे पट्टा चाचपत राहिले. मला राग आला होताच, पण त्याहून जास्त लाज वाटली. आमच्या भिंतीला भिंत लावून चपलावाले काका बसतात. हे माळ्यावरून पडले, हा खांदा उतरला, तेव्हा काकांनीच यांना पाठीवर घालून दवाखान्यात नेलं होतं.

"उद्या हाच घालून जा," मी म्हटलं. "अख्खी गल्ली ऐकायला येणार आहे. काकांना मी पुढच्या रांगेत बसवते. हा खांदा ते लांबूनही ओळखतील."

यांनी एप्रन काढायला हात वर केले. डावा हात नेहमीसारखा अर्ध्यात अडकला. रोज सदरा काढताना मी पुढे होते. त्या दिवशी मी पुढे झाले नाही.