एका रिकाम्या हँगरचं पेटंट

मित्रांनो, मान जरा वर करा. अहो, तो पंखा! त्याच्या पलीकडे बघा. छताला टांगलेली, काळपट, तेलकट, वळणावर किंचित कुरकुरणारी जी लांबलचक बाई दिसतेय ना, ती मी. मी एका लाँड्रीतली जुनी टांगती साखळी आहे. माझ्या अंगावर एकशे वीस हूक आहेत आणि एकही मी उगाच मिरवत नाही!

लाँड्रीचं काम वरून सोपं दिसतं. पण एका घरचे कपडे आत आले की त्यांची लगेच ताटातूट होते. पांढरे एका यंत्रात, रंगीत दुसऱ्यात, लोकरी तिसऱ्यात आणि डाग पडलेले थेट डागांच्या टेबलावर. धुऊन, वाळून, इस्त्री होऊन ते चारी दिशांनी परत येतात. मग त्यांना पुन्हा एकत्र आणायचं. या कामाला आमच्याकडे ‘घर जुळवणं’ म्हणतात. माझ्या जन्माआधी हे काम मावशी एकटी करायची. मागच्या खोलीत, वाफेत, दिवसभर उभ्यानं. संध्याकाळी तिचे पाय इतके सुजायचे की चपलांत मावायचे नाहीत.

त्याच लाँड्रीत मावशीची भाची फिटर होती. सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून मोठेसुद्धा. एके दिवशी ती मावशीच्या पायांकडे बघून म्हणाली, “मावशी, तुला बसून काम करता येईल असं काहीतरी बनवते.”

“मला बसवतेस होय? आधी तू जेवायला बस. डबा गार झालाय.”

असा माझा जन्म ठरला. टाकून दिलेल्या सायकलींच्या साखळ्या, मोडक्या ड्रायरची मोटर, वाकवलेल्या सळ्यांचे हूक आणि आकडे वाचणारा एक छोटा डबा, एवढंच माझं माहेर. प्रत्येक हँगरला घराचा नंबर. कपडा इस्त्री झाला की वर चढायचा आणि माझ्याबरोबर फिरत राहायचा. डबा मोजायचा. घरातला शेवटचा कपडा चढला की मागच्या खोलीतलं माझं फाटक उघडायचं आणि अख्खं घर एकामागोमाग एका दांडीवर उतरायचं. पहिलं घर उतरलं तेव्हा मावशी खुर्चीत बसली होती. खुर्चीत! ताईनं मला टाळी दिली. मी तिच्या हाताला भरपूर तेल लावलं.

मालक तर हरखूनच गेले. त्यांनी भिंतीला भोक पाडून माझी अर्धी फेरी रस्त्याकडच्या काचेमागे नेली. लोक थांबून बघू लागले. मग मालकांनी माझं मोठं रंगीत चित्र छापलं, साखळी, डबा, फाटक सगळं नावानिशी, आणि काचेवर चिकटवलं. ‘या, बघा, समजून घ्या!’ तब्बल आठ महिने मी अशी मिरवत होते. खरं सांगते मित्रांनो, मी फुगले होते. ताई म्हणायची, “जरा ताण कमी कर गं, तुटशील.”

मग एक दिवस यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. काचेसमोर उभा राहून त्यानं चित्रातलं माझं फाटक वहीत उतरवून घेतलं, सगळ्या बारकाव्यांसकट. ताईनं ते पाहिलं. ती पेटंटचं काम बघणाऱ्या एका वकीलबाईंना घेऊन आली. म्हणाली, “या यंत्राचं पेटंट घ्यायचंय.”

वकीलबाईंनी आधी ते चित्र पाहिलं. “हे कोणी लावलं?”

“मीच!” मालक छाती काढून म्हणाले. “आर्ट पेपर वापरलाय.”

“अहो, पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. तुम्ही अर्ज करायच्या आधीच ती भर रस्त्यात टांगलीत! जे सगळ्यांनी पाहिलं, ते आता नवं कसं म्हणायचं?”

“पण लोकांना आवडलं हो,” मालक बारीक आवाजात म्हणाले.

त्यांनी दोन दिवस विचार केला आणि ताईला सांगितलं, “पेटंटचा कागद मिळाला तर अशाच साखळ्या आपल्या बाकीच्या दुकानांत बसवू, सगळ्या तुझ्या हाताखाली. नाही मिळाला, तर मी तयार यंत्र मागवतो आणि ही जाते भंगारात.”

‘ही’ म्हणजे मी. त्या दिवशी माझे सगळे हूक थरथरत होते आणि लोकांना वाटलं, मोटर बिघडली.

वकीलबाईंनी मात्र पदर खोचला. त्या एक अख्खा दिवस मागच्या खोलीत बसून राहिल्या, घाम पुसत, माझ्याकडे टक लावून. दुपारी त्यांनी विचारलं, “मावशी, तो रिकामा हँगर का टांगलात? आणि त्याला लाल चिंधी कसली?”

“तो होय? त्या घराचा एक सदरा डागांच्या टेबलावर अडकलाय. हट्टी डाग आहे, चार दिवस हलायचा नाही. तोवर बाकीचे सात कपडे बिचारे गरगर फिरत राहणार आणि हूक अडवणार. म्हणून मी त्याच्या जागी त्याच घराच्या नंबरच्या रिकाम्या हँगरवर चिंधी लावते, अगदी फाटकापाशी. डबा तिला मोजतो, घर पूर्ण समजतो, सात जण उतरतात. सदरा आला की चिंधीचा नंबर बघून डबा त्याला सगळ्यांच्या आधी सोडतो.”

“डब्याला ते मी शिकवलं,” ताई म्हणाली. “पण चिंधी मावशीचीच. साखळी नव्हती तेव्हापासूनची.”

वकीलबाई ताडकन उठल्या. “हे बाहेरच्या कोणी पाहिलंय?”

“या उकाड्यात कोण येतंय मरायला? आणि चिंधी पुढच्या काचेपर्यंत जातच नाही.”

“चित्रात आहे?”

सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. ते कान खाजवत म्हणाले, “ताई म्हणत होती, चिंधीही दाखवा म्हणून. पण मी म्हटलं, एवढ्या देखण्या चित्रात चिंधी कशाला? शोभत नाही.”

वकीलबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा कपड्यांच्या टोपलीत पडला.

अर्ज गेला. शोध लावणाऱ्यांची नावं लिहायची वेळ आली तेव्हा मावशी भडकली. “माझं नाव? चिंधी बांधली म्हणून? लोक हसतील!” पण वकीलबाई ठाम होत्या. ज्याची कल्पना त्याचं नाव, आणि ते गाळलं तर पेटंटच धोक्यात येतं. मावशीनं शेवटी सही केली, इस्त्रीच्या टेबलावर, ओठ घट्ट मिटून.

बऱ्याच महिन्यांनी सुनावणी आली. फोन थंड इस्त्रीला टेकवून ठेवला होता आणि त्यात पेटंट कार्यालयातल्या परीक्षकबाई दिसत होत्या. माझी मोटर बंद केली होती, पण कान कोण बंद करणार?

“साखळी जुनी. मोजणं जुनं,” परीक्षकबाई म्हणाल्या. “याआधीच्या अशा पाच यंत्रांचे कागद मी तुम्हाला पाठवलेत. त्यात रिकामा हँगर टांगला, यात शोध कुठला? कोणालाही सुचेल.”

“त्या पाचही यंत्रांत राहिलेल्या वस्तूची वाट बघतात,” वकीलबाई म्हणाल्या. “कोणी साखळी थांबवतं, कोणी बाकीचा माल फळीवर काढून ठेवतं. आलेली वस्तू सगळ्यांनी मोजली. न आलेली वस्तू कोणीच मोजली नाही.”

“मावशी, तुम्हाला हे सुचलं कसं?” परीक्षकबाईंनी विचारलं.

मावशी फोनच्या इतकी जवळ गेली की तिकडे फक्त तिचं नाक दिसलं असणार. “त्यात काय बाई! घरात जेवायला पाच जण. एकाला उशीर होणार, म्हणून चौघांना उपाशी ठेवतो का आपण? त्याचं ताट झाकून ठेवतो आणि चौघांना वाढतो. तो आला की सगळं सोडून आधी त्याला वाढतो.”

“म्हणजे साधीच गोष्ट आहे की ही.”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मला तर भंगारवाल्याचा तराजू दिसायला लागला!

पण मावशी शांत होती. “साधीच आहे. पण बाई, त्या पाच यंत्रवाल्यांच्या घरीही ताट झाकून ठेवतच असतील ना? मग एवढ्या वर्षांत यंत्राला ते कोणीच का नाही शिकवलं?”

परीक्षकबाई ते पाचही कागद पुन्हा चाळायला फोनच्या चौकटीबाहेर गेल्या. ताईला वाटलं, नेटवर्क गेलं. मग आवाज आला, “हे तुमचं म्हणणं मला लेखी द्या. ताटासकट.”

पुढचे तीन महिने मी प्रत्येक वळण न कुरकुरता घेतलं. मालकांनी तयार यंत्राचं रंगीत पुस्तक मागवून ठेवलंच होतं, ते रोज मला खालून दिसायचं. आणि मग एका सकाळी ताई हातात कागद घेऊन, धापा टाकत मागच्या खोलीत आली. मिळालं! अख्ख्या साखळीचं नाही हं. त्यावर आमचा हक्क काचेवरच गेला होता. न आलेल्या कपड्याची जागा धरून घर पूर्ण करायच्या पद्धतीचं. पण तेवढं पुरेसं होतं. खाली दोन नावं होती, एक ताईचं आणि एक मावशीचं.

“स्पेलिंग बरोबर आहे का बघ आधी,” मावशी म्हणाली आणि वाफ डोळ्यांत गेल्यासारखं करत तिकडे वळली. वाफेचं यंत्र तर अजून सुरूही झालं नव्हतं.

मित्रांनो, आज माझ्यासारख्या सहा साखळ्या सहा दुकानांत फिरतात. त्या माझ्याहून चकचकीत आहेत, आवाज न करता फिरतात, आणि ताई त्या सगळ्यांची मुख्य आहे. माझे सांधे मात्र आता दुखतात. कधीकधी आठवडाभर कोणी तेल घालत नाही. तेव्हा एवढंच मागणं आहे: आमच्यासारख्या जुन्यांना वेळेवर तेल द्या. तुमची नवी कल्पना काचेवर चिकटवायच्या आधी तारीख घालून वहीत लिहा. आणि तुमच्या घरात, दुकानात, शाळेत मागच्या खोलीत काम करणारं कोणी हातानं काही विचित्र करताना दिसलं, तर हसू नका. “हे असं का करता?” असं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा.

पेटंट मिळालं त्या दिवशी ताईनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हुकाला लावला आणि मोटर सुरू केली. कागद सगळ्यांच्या डोक्यावरून निघाला, इस्त्रीवरून, डागांच्या टेबलावरून, भिंतीच्या भोकातून थेट रस्त्याकडच्या काचेपर्यंत आणि परत. त्याच्यावर कुठल्याच घराचा नंबर नव्हता, त्यामुळे डब्यानं फाटक काही उघडलं नाही. तो संध्याकाळपर्यंत फिरत राहिला आणि मावशी खुर्चीत बसून प्रत्येक फेरीला मान वर करून बघत राहिली.