मेहरअंगीझ खानुमचा बाक

बसा खुशाल. माझ्यावर बसायला कुणी परवानगी मागत नाही, तुम्हीही मागू नका. फक्त जरा कान इकडे द्या. तेहरानच्या ऐन मध्यात, चहूबाजूंनी गाड्यांच्या गोंगाटात सापडलेल्या या बागेतला मी एक लोखंडी बाक. आज बोलणार आहे, आणि गोड काही बोलेन अशी आशा ठेवू नका.

शहराच्या दक्षिणेला एका भट्टीत माझे पाय ओतले, पाठ ठोकून सरळ केली आणि कारंज्याजवळच्या चिनाराखाली मला सिमेंटात रोवून टाकलं. दर नवरोजच्या आधी बागेतली माणसं येतात आणि जुन्या रंगावरच नवा हिरवा रंग थापून जातात. खरवडायचे कष्ट कोण घेतो! आतून मी किती गंजलोय याची चौकशी आजवर कुणी केलेली नाही.

सुरुवातीला मात्र मजा वाटायची. निवृत्त म्हातारे सूर्यफुलाच्या बिया फोडून टरफलं माझ्या पायाशी थुंकायचे आणि वर लोकांना स्वच्छतेची चाड उरली नाही म्हणून हळहळायचे. कॉलेजातली पोरं-पोरी मध्ये पिशवी ठेवून सभ्यपणे बसायची आणि पिशवीखालून एकमेकांची बोटं धरायची. आणि तो आग्रह! एकच जागा रिकामी असली की दोन भले गृहस्थ समोर उभे. "आपण बसा." "छे छे, माझी काय बिशाद! आधी आपण." तेवढ्यात तिसराच कुणीतरी येऊन टेकायचा. आमच्याकडे याला तआरोफ म्हणतात. समोरच्यानं काही देऊ केलं की आपण नको म्हणायचं, त्यानं पुन्हा म्हणायचं, आपण पुन्हा नको. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं. पहिल्या फटक्यात हो म्हणेल तो उद्धट. मी पोट धरून हसायचो. आता नाही हसू येत.

मेहरअंगीझ खानुम नवरा गेल्यानंतर माझ्याकडे येऊ लागल्या. सकाळी यायच्या त्या बागेत दिवे लागले की जायच्या. थर्मास, साखरेचे खडे आणि विणकाम, एवढा संसार. रोज शेजारी बसणाऱ्या अशरफ खानुमनी एकदा विचारलंच, "तुम्हाला घर नाही का हो?"

"आहे ना. मुलाचं," त्या म्हणाल्या. "हे गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी सगळे नातेवाईक जमले होते. कामबीझ सगळ्यांदेखत म्हणाला, मामान, आता तुम्ही आमच्याकडेच राहायचं. मी नको म्हटलं. तो परत म्हणाला. मी परत नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं माझे हात धरले, रडला सुद्धा. मग काय, मी माझं बिऱ्हाड मोडलं नि आले."

"मग चांगलंच झालं की."

"तो त्या नातेवाइकांसाठी बोलत होता गं. मला कळायला हवं होतं. पण पोटच्या पोराच्या बोलण्यात असलं कुणी शोधतं का?"

"सून भांडते?"

"फर्नाझ? छे, अवाक्षर बोलत नाही. मी स्वयंपाकघरात गेले की ती बाहेर येते, एवढंच. म्हणून मी इकडे येते. इथली हवा चांगली आहे."

हवा चांगली! धुरानं माझा रंग वर्षाच्या आत काळा पडतो, आणि म्हणे हवा चांगली.

मग यंदाचा नवरोजचा तेरावा दिवस उजाडला. त्या दिवशी घरात राहणं अशुभ, म्हणून सारं शहर बागेत लोटतं. मेहरअंगीझ खानुम भल्या पहाटे आल्या. माझ्या पायापासून चिनारापर्यंत त्यांनी सतरंजी अंथरली आणि राखण करत बसल्या. जागा मागायला येईल त्याला सांगत होत्या, "माझी माणसं येणार आहेत." शेजारी दुलईत गुंडाळलेलं आशचं पातेलं. शेवया, पालेभाजी, कडधान्यं घालून रात्रभर शिजवलेलं. किती खूश होती हो म्हातारी! लेक-सून पहिल्यांदाच तिच्या बागेत येणार होते.

दुपारपर्यंत तीळ ठेवायला जागा उरली नाही. कबाबांचा धूर, बॅडमिंटनची फुलं माझ्या पाठीवर आदळतायत, लग्नाळू पोरी नवरा मिळावा म्हणून गवताला गाठी मारतायत. कामबीझ आणि फर्नाझ आले, पोटभर जेवले. मग फर्नाझनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, नवरोजसाठी घरी रुजवलेल्या गव्हाची परडी उचलली आणि रिवाजाप्रमाणे पाण्यात सोडायला निघून गेली. कामबीझ आईला घेऊन माझ्यावर बसला.

"मामान, शहराबाहेर एक जागा पाहिलीय. वयस्क माणसांसाठी. बाग आहे, डॉक्टर आहे, तुमच्या बरोबरीच्या बायका आहेत. तुम्हाला नको असेल तर राहिलं. घर तुमचंच आहे."

त्यांची बोटं माझ्या कडेवर आवळली. एक 'नको' म्हणायचा अवकाश होता. पण जन्माची सवय! स्वतःसाठी मागायचं नसतं. आधी आपण सोडायचं असतं, समोरच्यानं सोडू द्यायचं नसतं.

"बरं झालं की रे," त्या म्हणाल्या. "मी कशाला तुमच्यात अडचण? जाईन मी. आनंदानं जाईन."

आणि थांबल्या. मीही थांबलो. आता म्हणेल, आत्ता म्हणेल, 'काय बोलताय मामान, आम्ही मेलो का?' पलीकडच्या सतरंजीवर दोन कुटुंबं उरलेल्या एका कबाबावरून हातघाईवर आली होती, "तुम्ही घ्या", "तुमच्या जिवाची शपथ, तुम्हीच घ्या". एका कबाबासाठी!

कामबीझनं मोठा श्वास सोडला. "मला माहीतच होतं, तुम्ही समजून घ्याल." त्यानं आईच्या हाताचा मुका घेतला आणि ओरडला, "फर्नाझ, मामान तयार आहेत!"

अरे, लाज वाटायला हवी होती! एकदाही नाही?

मेहरअंगीझ खानुम हसल्या. दुसरं काय करणार? मग म्हणाल्या, "आश उरलीय. डब्यात घालून देऊ?"

"नको मामान, कशाला त्रास."

"घे रे."

"नको, खरंच नको. तुम्हाला राहू दे."

"माझ्यासाठी घे."

"बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर," कामबीझ म्हणाला आणि डबा घेतला.

त्यानंतर त्या पुन्हा आल्या नाहीत. अशरफ खानुम काही दिवस वाट पाहत बसल्या, मग त्यांनीही जागा बदलली. आता तुम्ही बसलाय. घरी आई असेल तुमच्या. ती कधी म्हणाली, 'मी जाते, मला काही वाटणार नाही,' तर तोंडदेखलं का होईना, एकदा 'नको' म्हणा. मनात नसलं तरी चालेल. मनात नसताना बोलायची तुम्हाला सवय आहेच.