फाटकात आडवी जीप

"साहेब, फसवलंत तुम्ही, आणि वर जीप भंगारात काढायचा हुकूमही तुमचाच!" सुरैयाने परिवहन कार्यालयाच्या खिडकीतून साहेबांना सुनावलं.

जीप तिच्या अब्बांची. अकलोलीच्या मागच्या पाड्यांवर रस्ता संपला, की पुढे तीच चढायची. अडलेल्या कितीतरी बाया तिनेच वेळेवर भिवंडीच्या दवाखान्यात आणल्या होत्या. मागल्या पावसाळ्यात इंजिन जाम झालं, तेव्हा सुरैया आधी इथेच परवानगी मागायला आली. याच साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "इंजिन बसवून गाडी समोर आणा, मग बघू." तिने अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं डिझेल इंजिन मिळवलं. कापड विणायचे लूम उचलायच्या साखळीला टांगून तिने आणि धाकट्या भावाने, तनवीरने, ते जीपमध्ये बसवलं. आज साहेब म्हणाले, "परवानगीआधी बसवलंच कसं? गाडी जप्त, आणि थेट भंगारात!"

"आपा, चल ना घरी. सरकारशी कोण भांडणार?" तनवीरने तिची बाही ओढली.

"तू गप रे! मोटर बदलली म्हणून आख्खा लूम कुणी भंगारात घालतं का?"

ती तडक आवारात गेली, जीप सुरू केली आणि नेऊन फाटकात आडवी लावली. साहेबांची गाडी आत अडकली. शिपाई ओरडत धावला, त्याच्यामागून साहेबही आले. सुरैयाने चावी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि बॉनेटवर चढून बसली.

"आता मान वर करा, साहेब. आधी इंजिन की आधी परवानगी? बोला!"