कॅप्टनचे पाय

मी जिभेची तिखट, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नाही. काशीबाईच्या तोंडाला लागण्यापेक्षा खाजकुयलीत बसलेलं बरं, असं वाडीत म्हणतात. म्हणू देत. त्या तोंडाची मला कधी लाज वाटली नाही. एकदाच वाटली, आणि तेव्हा ते बंद होतं.

माझा झील, म्हणजे मुलगा, अजय बोटीवर असतो. मागच्या सुट्टीत त्यानं पुण्याहून ग्रेट डेन जातीचं पिल्लू आणलं. दोन महिन्यांचं पोर, पण पंजे माझ्या मुठीएवढे. नाव ठेवलं कॅप्टन. परत जाताना विनीताला, म्हणजे माझ्या सुनेला, बजावून गेला: तीन वेळा पाकिटातलं खाणं, कपानं मोजून, वरून काही नाही. तिनं ते कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं.

आता मला सांगा, मोजून कुणाला वाढतात? आमच्याकडे कामाला आलेल्या गड्यालासुद्धा दोनदा विचारल्याशिवाय भाताचं पातेलं खाली ठेवत नाहीत. आणि हे जनावर वासराएवढं होणार, त्याला कोरड्या गोळ्या, त्याही कपानं! मी म्हटलं, "गो विनीता, पिल्लाक उपाशी मारतलंस काय?"

"आई, मोठ्या जातीचो आसा तो," ती म्हणाली. "तेका घाईन वाढवूचो नाय, असा डॉक्टरान सांगल्यान."

डॉक्टर! आमच्या घरात चार पिढ्या कुत्री आहेत, एकानंही कधी डॉक्टराचं तोंड पाहिलं नाही.

तेवढ्यावर राहिले असते तर बरं. पण मी कुंपणावरून शेजारच्या सुभद्रेला सांगितलं, "घोव बोटीर, आणि ही बाय हयसर कुत्र्याचा खाणा वाचवता." सुभद्रेला सांगणं म्हणजे बाजारात दवंडी. तिसऱ्या दिवशी मासेवाली विनीताला दारात विचारत होती, "गो, कुत्र्याक पोटभर घालतस मां?" विनीताचे कान लाल झाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग मी माझं सुरू केलं. अजय लहान असताना त्याचे पाय वाकडे होते. माझ्या सासूनं तिसऱ्यांचे शिंपले चुलीत भाजून, कुटून, फडक्यानं गाळून ती पूड त्याला दह्यातून चाटवली, आणि पाय सरळ झाले. मग कॅप्टनला का नको? विनीता सकाळी अंगणवाडीत कामाला गेली, की मी वाडग्यात दही घेऊन मूठभर पूड कालवायची. वर मेडिकलमधल्या कॅल्शियमच्या बाटलीतली दोन झाकणं. पोर वाडगं चाटूनपुसून लख्ख करायचं आणि माझा जीव सुपाएवढा व्हायचा.

चौथ्या महिन्यात त्याचे पुढचे पाय मनगटाशी वाकायला लागले, पंजे बाहेरच्या बाजूला फाकले. मी मनात म्हटलं, बघा, कमी पडतंय! दोनाची तीन झाकणं केली. एके दिवशी तो ओट्याची पायरी चढता चढता केकाटला आणि तिथंच बसला. मग मात्र विनीतानं रिक्षा बोलावली. मीही बरोबर गेले.

कुडाळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडात धरला आणि विनीताला विचारलं, "कॅल्शियम किती देताय?"

"अजिबात नाही. फक्त पाकिटातलं खाणं."

"पाकिटात हवं तेवढं असतंच, ताई. या वयात जादाचं कॅल्शियम या पिल्लांना बाहेर टाकता येत नाही. मोठ्या जातीत तर हाडंच वाकडी वाढतात. आधीच सांगितलं होतं ना मी?"

"देवाशपथ, मी नाही दिलं."

"मग आभाळातून पडलं? लपवून काय मिळतं तुम्हाला? हौसेनं मोठी कुत्री आणायची आणि त्यांचे हाल करायचे!"

विनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅप्टनचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी बाजूला पिशवी धरून उभी. तीनच शब्द बोलायचे होते: मी दिलं, डॉक्टर. वाडीभर नाचणारी माझी जीभ टाळूला चिकटून बसली. वर डॉक्टर मलाच म्हणाले, "आजी, तुम्ही तरी लक्ष ठेवा." आणि मी मान हलवली. हलवली हो! शिरा पडो त्या मानेवर.

दोन महिने धावू द्यायचं नाही, वजन वाढू द्यायचं नाही, पाकिटाशिवाय काही द्यायचं नाही. त्यानंही पाय सुधारले नाहीत तर ऑपरेशन. घरी येऊन मी उरलेली पूड माडाच्या आळ्यात ओतली, बाटली पुरली आणि स्वतःला सांगितलं, थांबवलं ना, मिटलं.

मिटतंय कसलं! पाकिटातच काही खराब असेल, म्हणून विनीतानं तेही बंद केलं. नुसता भात आणि पाणी. पिल्लू भुकेनं रडायला लागलं. त्यातून तिच्या मनानं घेतलं, की आपण नसताना कुणीतरी येऊन त्याला वाईट घालतं. सोमवारी सकाळी तिनं धोंडूला बोलावलं.

धोंडू आमच्या भावकीतला. घरात काही अडलं, की तो देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. तो एकेक मागणं मागतो आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा म्हटलं की तो देवाला दिलेला शब्द. सुभद्रा आली होती, आणखी दोन-तीन बाया होत्या. कॅप्टन दाराशी पडून होता.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान मुक्या जनावराक जीव लावल्यान हा."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पायाक जी पीडा लागली हा, ती दूर कर."

"व्हय म्हाराजा!" इथवर मीही म्हटलं.

"आणि कोणी तेका वायट घातल्यान असात, तर ज्या हातान घातल्यान तो हात..."

"धोंडू, थांब!" मी ओरडले. "तो हात माझो."

सगळं सांगितलं. शिंपले, दही, बाटली. सुभद्रेला म्हटलं, "आणि हिना उपाशी ठेवल्यान म्हणान तुका सांगलंय, ता पण खोटा." सुभद्रा आ वासून बघत राहिली.

विनीता उभी राहिली. "डॉक्टरासमोर कित्याक नाय बोललात?"

"माका लाज वाटली गो."

"आणि माका?"

मी जमिनीकडे बघत बसले. धोंडू बिचारा नारळावर हात ठेवून तसाच. "गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूक येणा नाय," तो हळूच म्हणाला. "म्हणू काय आता?"

"हाताचा सोडा," विनीता म्हणाली. "पायांचा म्हणा."

धोंडूनं पायांचं म्हटलं. सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" केलं. मी नुसते हात जोडले.

नारळ फुटला तसा तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला. आवाज मोठा ठेवला होता. मी बोलले. काय दिलं, कधीपासून, आता नुसता भात चाललाय तेही, सगळं. शेवटी म्हटलं, "डॉक्टर, माझी सून खरं बोलत होती."

"पाकिटातलं खाणं आजच परत सुरू करा," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या भातावर ठेवू नका. आणि फोन जरा त्यांना द्या. मी त्या दिवशी नको ते बोललो, मला त्यांची माफी मागायचीय."

मी फोन विनीताकडे दिला. देवासमोर, वाडीसमोर मी सगळं बोलून बसले होते. माफी तेवढी अजून मागितली नव्हती.