दोन खिळ्यांची फळी

जुनी म्हणाल तर मी जुनीच आहे, मित्रांनो. पण टाकाऊ नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी भाजी चिरायची लाकडी फळी. माझ्या मधोमध एक खळगा आहे. तो कुणी कोरलेला नाही. एकवीस वर्षं एकाच बाईच्या हातची सुरी माझ्यावर चालली, त्याने तो पडला.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी दारासाठी आणलेल्या लाकडाचा मी उरलेला तुकडा. सुताराने रंधा मारला, कडा गोल केल्या आणि टांगायला कोपऱ्यात एक भोक पाडलं. घ्यायला आलेल्या बाईने मला नखाने खरवडलं, वास घेतला आणि म्हणाली, "उरलंसुरलं लाकूड आहे हे."

सुतार म्हणाला, "दार झालं असतं तर लोकांच्या लाथा खाल्ल्या असत्या, ताई. तुमच्याकडे निदान भाजी खाईल."

तिने मला घेतलं. घरात सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही आईच म्हणते. सगळे म्हणजे दोघे. मुलगा कारखान्यात फिटर, त्याच्या पाळ्या बदलत्या. सून सिटी बस चालवते. तिची पहिली बस पावणेसहाला डेपोतून सुटते.

अशा घरात रोज ताजं अन्न कसं शिजेल, असं तुम्हाला वाटेल. शिजायचं. दुपारचा चहा झाला की आई मला ओट्यावर घेई. गाजर, कोबी, भोपळा, शेंगा. अर्ध्या तासात उद्याची सगळी चिराचिरी डब्यांत, झाकणं घट्ट. अख्खी कडधान्यं पाण्यात. सकाळी सून फक्त कुकर लावी, आणि शिट्ट्या होईपर्यंत तिची वेणी आणि गणवेश उरके. डेपोत तिच्या डब्यावर आधी इतरांचे चमचे पडत.

शेजारीण एकदा म्हणाली, "तुम्हाला बाई वेळ कसा मिळतो?"

"मिळत नाही," आई म्हणाली. "आदल्या दिवशी चिरून फ्रिजमध्ये ठेवावा लागतो."

मग एका मंगळवारी आईच्या हातातून सुरी पडली. उचलायला ती हात पुढे करायला गेली, आणि हात पुढे आलाच नाही.

अर्धांगाचा झटका. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. परत आली तेव्हा पाय जरा ओढत होता आणि उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून होता. जीभ शाबूत होती. घराला तोच दिलासा आणि तोच ताप. घरात कुणी रडलं नाही. सुनेची सकाळची पाळी होती, मुलाची दुपारची. रडणार कोण आणि कधी?

मला फार वाईट वाटलं असं इथे लिहायची पद्धत आहे. मला काही वाटलं नाही. मी कोरडी पडत गेले, एवढंच.

आईने एकदाच डाव्या हाताने चिरून पाहिलं. सुरी लावली तसा बटाटा घरंगळला, ओट्यावरून पडला आणि फ्रिजखाली गेला. धरायला दुसरा हात नव्हता. मग तिनेच मला सिलिंडरमागे ढकललं.

घरात पाकिटं आली. गरम पाणी ओतलं की सूप, तीन मिनिटं उकळलं की जेवण. सुनेला दोष देऊ नका. बस चालवून आल्यावर उभ्या उभ्या झोप येते माणसाला. आई दोन चमचे खाई आणि वाटी सरकवून देई. सिलिंडरमागे मला एक भेग पडली.

महिन्याने डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि सुनेला म्हणाले, "त्या पाकिटांत नुसतं मीठ असतं. ती बंद करा. अख्खं धान्य, ताजी भाजी, घरी शिजवलेलं द्या. दुसरा झटका आला तर मग माझ्या हातात काही नाही."

घरी येऊन सुनेने बिनपगारी रजेचा अर्ज लिहिला आणि फ्रिजवर ठेवला. "सहा महिने घरी राहते, आई. परत घेतलं तर घेतलं."

"म्हणजे त्यांनी नाही घेतलं तर माझ्या नावाने बोटं मोडायला तू मोकळी," आई म्हणाली. "बस सोडलीस तर मी ते दोन चमचेही सोडीन."

"मग चिरणार कोण? मी घरात चारला येते. बाहेरची बाई तुम्हाला चालत नाही."

"तिला कोबी धुता येत नाही."

सोमवारी अर्ज द्यायचा ठरला.

रविवारी मुलाने ओटा आवरायला घेतला. उरलेली पाकिटं संपेपर्यंत रचून ठेवायला त्याला एक बुटकं स्टँड हवं होतं. त्याला मी सापडले. मला पालथी घालून त्याने खाली दोन पट्ट्या ठोकल्या, एक अगदी कडेला. खिळे आत गेले तेव्हाही मला काही वाटलं नाही. घाईत होता तो, पाळीची वेळ झाली होती. मला सुलटी करताना त्याने नीट पाहिलंच नाही. ओट्यावर ठेवलं आणि गेला.

संध्याकाळी सुनेने माझ्यावर पाकिटं आपटली आणि सुपाची पूड ओटाभर सांडली. दोन खिळे लांब निघाले होते. त्यांची टोकं माझ्यातून आरपार बोटभर वर आली होती.

"एवढा मोठा फिटर," सून म्हणाली, "आणि खिळ्याची लांबी कळत नाही."

आई पाय ओढत आली. पूड पाहिली, टोकं पाहिली. तिने टोपलीतून एक गाजर घेतलं आणि डाव्या हाताने खिळ्यांवर दाबलं. गाजर रुतून बसलं. तिने ते हलवून पाहिलं. हललं नाही.

"सुरी दे," ती म्हणाली.

पहिला तुकडा जाड, दुसरा तिरका. कडेची पट्टी ओट्याच्या काठाला अडली होती, म्हणून मीही सरकले नाही. एका गाजराला पूर्वीच्या पाच गाजरांचा वेळ लागला. सुनेने फ्रिजवरचा कागद काढला, आईपुढे पसरला, आणि गाजराची सालं त्यावर पडू लागली. तोच रजेचा अर्ज.

लोखंड गंजेल म्हणून मुलाने पुढे स्टीलचे खिळे बसवले, मोजून. आता दुपारचा चहा झाला की दीड तास चिराचिरी चालते. तुकडे वेडेवाकडे होतात. कुकरला त्याचं काही नाही. परवा डॉक्टरांनी रक्तदाबाच्या यंत्राकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तर मित्रांनो, मला कौतुक नको. काम झालं की घासा, पुसा आणि उभी करून वाळवा. ओली आडवी टाकलीत तर मी कुजेन. महिन्यातून एकदा बोटभर तेल चोळा. आणि तुमच्या घरात कुणाचा हात थांबला असेल, तर त्याच्यापुढचं काम काढून घेण्याआधी त्याच्या कामाला दोन खिळे मारून बघा. तेवढा वेळ काढा. तो मिळत नाही, हे मला ठाऊक आहे.

काल चिरताना आईने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि माझ्या कोपऱ्यावर आणून ठेवला.

मुलाने विचारलं, "काही कळतंय का हाताला?"

"नाही."

"मग कशाला ठेवलास तिथे?"

"राहू दे," आई म्हणाली आणि खिळ्यांवर कांदा दाबला. "वजन तर पडतंय."